घोडकड्यातले पोळे

छायाचा फोन आला तेव्हा वृषाली पुण्यातल्या प्रयोगशाळेत पाकाच्या नव्या बाटल्यांवर पट्ट्या चिकटवत होती.

"वन्सं, खिंडीपलीकडची जांभळं फुलली," छाया म्हणाली.

"मग यंदा मध भरपूर."

"मधाचं नाय म्हणत मी. देवराईत झाडाखाली जाऊन उभी राह्यले, तर झाड गप्प. एक माशी नाय."

"तुझ्या पेट्यांतल्या कुठे गेल्या?"

"त्या हायेत की घरामागं. त्यांना काय धाड भरलीय? मी रानातल्या म्हणतेय. का तुमचं औषध आता रानालाबी पाजायचं?"

ती हसली. वृषालीने हातातली बाटली खाली ठेवली. पुढची पट्टी तिने चिकटवली नाही.

छाया तिची भावजय. कोयनेच्या पाण्यापलीकडे, कांदाटी खोऱ्यातल्या उंबरेवाडीत ती आणि वृषालीचा भाऊ हणमंत राहत. हणमंत तापोळ्याच्या लाँचवर कामाला होता. घरामागच्या मधपेट्या मात्र पूर्णपणे छायाच्या. एकेकाळी त्या पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. सातेरी माश्यांच्या अळ्यांना विषाणूचा रोग आला होता. रोगट अळी कोषात जायच्या आधीच मरते. तिच्या कातडीच्या आत पाणी साचते आणि चिमट्याने उचलली तर ती भरल्या पिशवीसारखी लोंबत वर येते. पिले मेली की वसाहत म्हातारी होते, आणि उरल्यासुरल्या माश्या एके दिवशी पोळे सोडून उडून जातात. त्या वर्षी खोऱ्यातल्या बायकांनी रिकाम्या पेट्या फोडून बंबात घातल्या.

त्यानंतर वृषालीचा पाक आला.

विषाणूला स्वतःच्या बळावर काही करता येत नाही. तो पेशीत शिरतो आणि आपल्या सूचनांचा कागद तिच्यापुढे धरतो. आरएनए म्हणजे हा कागद. पेशी तो वाचते आणि विषाणूच्या प्रती काढत बसते. पण पेशीकडे एक फार जुना बचाव आहे. असा कागद दुपदरी अवस्थेत सापडला तर ती त्याचे तुकडे करते, तुकडे नमुना म्हणून जवळ ठेवते, आणि त्यांच्याशी जुळणारी सूचना पुन्हा दिसली की कापून टाकते. वृषालीने विषाणूच्या सूचनांमधला एक छोटा भाग दुपदरी करून साखरेच्या पाकात मिसळला. दाई माश्या पाक पितात, त्यांच्याकडून तो अळ्यांच्या अन्नात उतरतो. खरा विषाणू येतो तेव्हा अळीला त्याची ओळख आधीच झालेली असते. ही ओळख तीन आठवडे टिकते, मग पाक पुन्हा द्यावा लागतो.

पेट्या पुन्हा भरल्या. छाया गावोगाव जाऊन पाक कसा द्यायचा ते बायकांना शिकवू लागली. लाँचवर तिला 'पाकवाल्या वहिनी' म्हणून बसायला जागा मिळे. नमुन्याहून थोडाही बदललेला विषाणू पाकाने मरत नाही, फक्त दबून राहतो, हे वृषालीने तेव्हाच लिहून ठेवले होते. अळी वाचत होती, म्हणून त्या वाक्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. वृषालीनेही नाही.

*

पुण्याहून आलेली वृषाली देवराईत हणमंताबरोबर दोन दिवस फिरली. जुन्या जांभळींच्या आणि हिरड्यांच्या ढोल्या एकेक करून पाहिल्या. आत पोळी होती, पण काळी पडलेली, वाळवीने धरलेली. पोळ्याच्या काही घरांत वाळलेल्या अळ्या तशाच चिकटून होत्या. वृषालीने त्या कुपीत घेतल्या. विषाणूच्या सूचना वाचणारे मुठीएवढे यंत्र तिने दगडावर ठेवले आणि ती वाट बघत बसली.

"ही ढोली आपली," हणमंत म्हणाला. "गेल्या कार्तिकात मीच वाटा घातला. छायाची सगळ्यात तगडी वसाहत होती, काय माश्या होत्या! पेटी उचलताना खांदा भरून आला."

खोऱ्यात ही रीत होती. पेट्यांत माश्या येतात त्या रानातूनच. हिवाळ्यात ढोलीतली वसाहत धरून आणायची आणि पेटीत बसवायची. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक घराने आपली सर्वांत सशक्त वसाहत देवराईत नेऊन ढोलीत सोडायची. याला रानवाटा म्हणत. रोगाच्या साली कुणाकडे द्यायला काही नव्हते. पाक आल्यावर लोकांनी चुकलेल्या वर्षांचेही वाटे हौसेने घातले.

यंत्राने उत्तर दिले. वृषालीने ते वाचले आणि दुसरी कुपी लावली, मग तिसरी.

"काय म्हणतंय?" हणमंताने विचारले.

"थांब जरा."

"थांबलोच आहे की. लाँच दुपारची गेली, आता मी कुठं जाणार?"

तिन्ही कुप्यांत तोच विषाणू होता. पण तो तिच्या ओळखीचा नव्हता. तो जुन्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढणारा होता. असे वेगवान प्रकार पूर्वीही अधूनमधून निपजत असणार. पण ते आपल्या वसाहतीला इतक्या झटपट मारत, की दुसऱ्या वसाहतीपर्यंत पोचण्याआधी स्वतःही तिच्याबरोबर संपत. पाकाने वसाहत मरू दिली नाही. त्यामुळे वेगवान विषाणूला पहिल्यांदाच जिवंत, धडधाकट, दूरवर उडणाऱ्या माश्या मिळाल्या. त्यांच्या अंगात तो दबून राहिला. आणि त्यांतल्या सर्वांत धडधाकट माश्या लोकांनी आपल्या खांद्यावरून रानात नेऊन सोडल्या, जिथे त्यांना पाक द्यायला कुणी नव्हते.

वृषालीने यंत्र पिशवीत घातले. हणमंत ढोलीच्या तोंडावरची जळमटे काढत होता.

"पुढच्या साली याहून चांगली सोडू," तो म्हणाला. "छायाला सांगतो."

तिने मान हलवली. नेमके कशाला, ते तिलाही सांगता आले नसते.

*

जिवंत पोळे सापडले ते वाडीच्या वरच, घोडकड्याच्या पायथ्याशी, छायाच्या पेट्यांपासून हाकेच्या अंतरावर. कपार माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर होती. माश्या फार नव्हत्या, पण शिस्तीत ये-जा करत होत्या. कपारीखालच्या सपाट दगडावर एकदोन मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. माश्यांनीच त्या आतून काढून टाकल्या होत्या. वृषालीने त्यातली एक उचलली.

उत्तर वाचताना तिला कितीतरी दिवसांनी बरे वाटले. तिथे फक्त जुना, संथ विषाणू होता. पेट्यांच्या दाटीत त्याने वसाहती संपवल्या होत्या; एकट्या पोळ्यात तो हंगामात थोड्या अळ्या घेतो आणि वसाहतीला जगू देतो. शिवाय तो ज्या अळीत आधी शिरतो, तिच्या पेशींत त्याच जातीच्या दुसऱ्या विषाणूला थारा मिळत नाही; जागा अडवलेली असते. वेगवान विषाणू या कपारीपर्यंत नक्की पोचला असणार आणि प्रत्येक वेळी त्याला जागा भरलेली दिसली असणार. या माश्या रोगापासून वाचल्या नव्हत्या. रोगानेच त्यांना वाचवले होते.

पण हे फार दिवस चालणारे नव्हते. माशीच्या पल्ल्यात फक्त छायाच्या पेट्या होत्या. प्रत्येक नवी अळी म्हणजे नवी शर्यत. शेजारच्या पेट्यांतून वेगवान विषाणू फुलाफुलांवरून रोज येत राहिला तर एका हंगामात तो जिंकणार. पेट्या नसत्या, तर हे पोळे वाढले असते, फुटले असते, त्याच्या नव्या वसाहती संथ विषाणू घेऊन रिकाम्या ढोल्यांत गेल्या असत्या. रान पुन्हा भरायला दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता.

*

"कुठल्या पेट्या?" छायाने विचारले.

"सगळ्या."

"वन्सं, ऊन लागलंय तुम्हाला. ताक देऊ का?"

"वहिनी, मी खरंच सांगतेय."

हणमंत पडवीत पाय पसरून बसला होता. "तिच्या पेट्या म्हणतेस? त्यापेक्षा मला जाळ म्हणालीस तर ती एकदा तरी विचार करेल."

"तुम्ही गप्प बसा," छाया म्हणाली. ती चुलीपुढून उठली आणि हात पदराला पुसत वृषालीसमोर येऊन बसली. "दुसरीकडं नेऊन ठेवते. पलीकडच्या गावात माझी बहीण हाय."

"तिथेही माश्या आहेत, वहिनी. रोग तिथे जाईल."

"माझ्या पेट्यांत रोग कुठाय? या, दाखवते. एक अळी वाकडी दाखवा."

"दिसत नाही. पण आहे."

"आणि पाक बंद केला तर?"

"तर हळूहळू मरतील. मरताना सगळीकडे पसरवतील. एका संध्याकाळी सगळ्या मिटवायला हव्यात." वृषाली थांबली. "कड्यातलं पोळं शेवटचं आहे. औषधाविना जगलंय. ते जगायला हवं."

"रानातल्या बाकीच्यांना रोग कुठनं आला?"

छायाने हे सहज विचारले होते. ती वृषालीच्या तोंडाकडे विश्वासाने बघत होती, पहिल्या वर्षी पाकाचे प्रमाण समजून घेताना बघायची तशीच. वृषालीच्या मनात सगळे उत्तर क्रमाने तयार होते. वेगवान विषाणू पाकावर पोसला गेला. तो रानवाट्याबरोबर रानात गेला. कड्यातल्या माश्यांतही रोग आहे, आणि तो तिथे असणे हेच त्यांचे कवच आहे. यातले शेवटचे वाक्य सांगायचे तर पहिले सांगावे लागत होते. आणि दुसरे सांगताना हणमंताच्या खांद्याकडे बघावे लागले असते.

"साथ येते तशी आली," ती म्हणाली. "कुठून, ते नक्की सांगता येत नाही."

छायाने मागल्या दारातून पेट्यांकडे बघितले. मग म्हणाली, "जांभळाचा मध तेवढा येऊ द्या. भरत्या पेटीला हात लावून मला जमायचं नाय. मध काढते, मग तुम्ही म्हणाल तसं."

वृषालीने नाही म्हणायला हवे होते. विषाणू मोहर संपायची वाट बघत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच छाया तिच्याकडे काही मागत होती, आणि आपण तिला अर्धेच सांगितले आहे हे वृषालीला ठाऊक होते.

"बरं," ती म्हणाली.

*

जांभळाचा बहर सरल्यावर ती परत आली. छायाने शब्द पाळला होता. मध गाळून बरण्यांत भरला होता. हणमंताने परसात खड्डा खणून ठेवला होता.

वृषालीने गंधकाच्या वाती आणल्या होत्या. छायाने त्या तिच्या हातातून काढून घेतल्या.

"तुम्ही तिकडं बसा. तुमचा हात त्यांना माहीत नाय."

दिवस मावळता माश्या आत शिरल्या. छायाने एकेका पेटीचे दार चिखलाने लिंपले आणि वात आत सरकवून झाकण दाबून धरले. आतला आवाज चढे, मग बारीक होत जाई. तो पुरता थांबेपर्यंत ती हात काढत नव्हती. मग पुढच्या पेटीकडे जात होती. शेवटच्या काही पेट्यांना तिने झाकणावर कपाळ टेकले. हणमंत खड्ड्याशी उभा राहून एकेक पेटी घेत होता. एरवी त्याला गप्प बसवावे लागे. त्या संध्याकाळी तो एकच वाक्य बोलला. "मेण किती छान जळतं," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून आत गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी घोडकड्याकडे निघाल्या. छायाचे डोळे सुजले होते, पण ती पुढे चालत होती.

"तुम्हाला एक दाखवायचंय," ती म्हणाली. "तुमचं पोळं. बघाच आता कसं झालंय ते."

कपारीपाशी खरोखरच माश्या वाढल्या होत्या. गुणगुण दुरून ऐकू येत होती. खालचा दगड स्वच्छ होता. एकही अळी नव्हती.

वृषाली त्या स्वच्छ दगडाकडे बघत राहिली.

"तुम्ही गेलात ना, त्यानंतर मी रोज यायची," छाया सांगत होती. "तर दगडावर अळ्या. पिशव्या झालेल्या. मी म्हटलं, अरे देवा, हितंबी पोचला रोग! वन्सं तर म्हणाल्या शेवटचं पोळं हाय. मग काय, घरनं ताटली आणली, पाक ठेवला. दोनदा. अळ्या पडायच्या बंद! माझ्या जातील, पण ह्या तरी राहतील म्हटलं."

"ताटली कुठली?"

"पेट्यांपुढं ठेवायची तीच."

पेट्यांपुढची ताटली. छायाच्या माश्या तिच्यावर वर्षानुवर्षे सोंड लावून पीत आल्या होत्या.

वृषालीने लवचीक नळी कपारीत घातली आणि आतली एक अळी ओढून काढली. यंत्र दगडावर ठेवले. छाया शेजारी उकिडवी बसली.

"चांगलं येईल बघा," ती म्हणाली.

संथ विषाणूचे नाव नव्हते. पाक बनवला होता तो त्याच्याच नमुन्यावरून. पाकाने त्याला पार पुसून टाकले होते. जागा रिकामी झाली, आणि ताटलीवरून आलेला वेगवान विषाणू तिथे शिरला. नमुन्यापासून तो थोडा बदललेला असल्याने पाकाने तो फक्त दबतो. आता तो दबून होता.

या वेळी वृषालीने काही गाळले नाही. पाकापासून सुरुवात केली, मग रानवाटा, मग हे पोळे. सांगून झाल्यावर छायाने दगडावरचा पाचोळा हाताने बाजूला सारला, पुन्हा सारला.

"म्हंजे ह्यांचा रोग चांगला होता."

"हो."

"आणि मी तो घालवला."

"तुला मी सांगितलं नव्हतं."

"अळी पडलेली दिसली की पाक द्यायचा. तुम्हीच शिकवलंत."

"हो, मीच."

"मग माझ्या पेट्या..." छायाने वाक्य पुरे केले नाही. त्या फुकट गेल्या, हे वृषालीला त्याशिवायही कळले.

"त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला," काही वेळाने छाया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "साधं विचारलं होतं. रोग कुठनं आला म्हणून. त्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी रागावले असते. भांडले असते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते. ह्याहून जास्त काय झालं असतं?"

वृषालीने प्रयोगशाळेत पुष्कळ धोके मोजले होते. हा इतका लहान होता.

"आता?" छायाने विचारले.

"पाक चालू ठेवला तर जगतील. थांबवला की संपतील. आणि इथे ठेवल्या तर आजूबाजूला कुणी उरलं असेल, त्यांनाही जाईल. यांना आता उघड्यावर ठेवता येणार नाही. जाळीत ठेवून पुण्याला नेईन. अभ्यासासाठी."

"अभ्यासासाठी," छाया म्हणाली.

माळ्यावर एक कोरी पेटी होती. हणमंत ती घेऊन संध्याकाळी वर आला. काय झाले ते त्याने छायाच्या चेहऱ्यावरून ओळखले असावे. छायाने कपारीत हात घालून पोळ्याचे पदर एकेक कापले आणि केळीच्या सोपटाने पेटीतल्या चौकटींना बांधले. राणी शेवटच्या पदरावर होती. ती पेटीत गेली तशा बाकीच्या माश्याही तिच्यामागे ओळीने आत शिरल्या, कुणी हाकलल्यासारख्या नव्हे, घरी जातात तशा.

"वृषे, कपारीचं काय करू?" हणमंताने विचारले.

"बंद करावी लागेल. आतल्या मेणाच्या वासाने दुसरी वसाहत इथे येऊन बसेल आणि तिला रोग लागेल."

तो दगड गोळा करू लागला. दगड वृषालीने स्वतः रचले. छायाने ओढ्यातून ओला चिखल आणून दिला आणि वृषालीने तो बोटांनी फटींत भरला. कपार कुठे होती ते थोड्या वेळाने फक्त ओल्या रंगावरून कळत होते.

तेवढ्यात एक माशी आली. उशिरा परतलेली, पाय पिवळ्या परागांनी जड झालेले. ती चिखलावर उतरली आणि चालू लागली, खालून वर, मग आडवी, मग पुन्हा खालून.

"अजून बाहेरच्या यायच्या राह्यल्या होत्या," छाया म्हणाली. तिने गुडघे टेकून आपले बोट माशीच्या पुढे धरले, पेटीकडे न्यायला.

माशी बोटाला वळसा घालून गेली आणि भिंतीवर दार शोधत राहिली.